उष्ट्या भाताचे खत आणि बादलीतली सुई

वडशात सकाळी घंटागाडी येण्याआधी अर्धा तास मी सायकलला दोन बादल्या अडकवून गल्लीत निघतो. चौदा घरे ठरलेली आहेत. कुणी भाजीची देठे देते, कुणी कांद्याची टरफले, कुणी चहाचा चोथा. धानाचा मुलूख असल्याने शिळा भात मात्र प्रत्येक घरातून येतो. गावाबाहेरच्या आमच्या दीड एकराच्या कडेला या सगळ्याचे खत होते.

सुरुवातीला शेजारच्या काकूंनी विचारले होते, "गाय घेतली का जी?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याचे उष्टे गोळा करणे आपल्याकडे कमीपणाचे समजले जाते. पण ज्या उष्ट्याकडे पाहायलाही आपण तयार नसतो, त्यात आपल्याच बांधीतून निघालेले नत्र, स्फुरद आणि पालाश असते. ते बांधीत परत जायला हवे, एवढे साधे गणित आहे. ते जमवताना मला दोन धडे मिळाले. पहिला ढिगाने दिला, दुसरा एका सुईने.

नुसता भात कुजतो, त्याचे खत होत नाही

पहिल्या महिन्यात आलेला माल मी खड्ड्यात ओतत गेलो. दहाव्या दिवशी असा वास सुटला की बाजूच्या शेतकऱ्याने नाकाला दुपट्टा लावला. चूक भाताची होती, म्हणजे माझीच. शिजलेला भात ओला आणि चिकट असतो. त्याचा गोळा बसला की आत हवा जात नाही. मग हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे पुढे येतात. ते आंबट वासाची आम्ले, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आणि मिथेन तयार करतात. मोठ्या कचरा डेपोत ओला कचरा दबून राहतो, तिथेही हेच घडते. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता अडवतो.

चांगल्या खताला चार गोष्टी लागतात : कर्ब, नत्र, पाणी आणि हवा. जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा-वीसच्या आसपास, म्हणजे नत्र जास्त. याचा तोल सांभाळणारी वस्तू झाडीपट्टीत घरोघरी आहे. ती म्हणजे तणस. धानाच्या तणसात एका भाग नत्रामागे साठ ते शंभर भाग कर्ब असतो. शिवाय तणसाच्या काड्यांमुळे ढिगात हवेला वाट मिळते.

आता पद्धत अशी आहे. तणस विळ्याने तोडून रात्रभर भिजवायचे, कारण त्यात सिलिका भरपूर असते आणि कोरडे तणस लवकर कुजत नाही. खाली वीतभर तणस, त्यावर दिवसाचा ओला कचरा, त्यावर मूठभर शेण किंवा जुने खत, वर पुन्हा तणस. कचरा कधीही उघडा ठेवायचा नाही. ढीग तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच तरी व्हायला हवा. त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. एक ढीग भरला की तो मुरू द्यायचा आणि दुसरा लावायचा.

भातगिरणीतला तूस फुकट मिळतो म्हणून तोच भरावा असे वाटेल. ढीग मोकळा ठेवायला थोडा तूस चालतो, पण तो फार हळू कुजतो. गिरणीतली राख तर चिमटीनेच घालावी. राखेने ढीग अल्कधर्मी होतो आणि नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते.

ढिगाची तब्येत नाकाने कळते. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर तणस कमी पडले आहे. आंबट किंवा सडका वास आला तर हवा कमी आहे, ढीग उलथा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर काम चांगले चालले आहे. ओल तपासायला मूठभर माल घट्ट पिळून पाहावा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर तणस घाला. आपल्याकडच्या मे महिन्यात उलट होते. ढीग आतून कोरडा पडतो आणि कुजणे थांबते. तेव्हा पाणी शिंपडावे लागते.

ढिगाचा ताप औषधी असतो

नीट लावलेला ढीग दोन-तीन दिवसांत तापतो. आतले तापमान ५५ अंशांच्या वर जाऊन काही दिवस टिकले, तर पोटात जंतुसंसर्ग करणारे बहुतेक जिवाणू, जंतांची अंडी आणि तणांचे बी मरते. म्हणून ढीग उलथताना बाहेरचा थर आत घालायचा. प्रत्येक भागाला हा ताप लागला पाहिजे. माझ्याकडे तापमापक नाही. लोखंडी सळई मध्यभागी खोचून दहा मिनिटांनी काढतो. हातात धरवत नसेल तर समजतो की ढीग कामाला लागला आहे.

अर्धवट कुजलेले खत कोथिंबीर, मुळा, पालक अशा कच्च्या किंवा जमिनीलगतच्या भाज्यांना घालू नये. कोरडे खत चाळताना उडणाऱ्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. दमा असणाऱ्यांनी हे काम टाळावे. इतरांनी खत किंचित ओले करून, नाकातोंडावर कापड बांधून चाळावे.

ती सुई

दुसरा धडा पावसाळ्याच्या तोंडावर मिळाला. बादली रिकामी करून मी हाताने भाताचा गोळा फोडत होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटात काहीतरी टोचले. बाभळीचा काटा असेल असे वाटले. पाहिले तर साखर तपासताना बोटाला टोचतात ती बारीक सुई होती.

त्या क्षणी डोक्यात काय काय येते ते लिहीत नाही. चौदा घरांतली कोणती सुई, कुणाच्या रक्ताची? बोट दाबून रक्त काढावे, तोंडात घालावे, हळद लावावी, असे सगळे सुचते. यातले काहीही करायचे नसते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. ती पिळायची नाही, चोखायची नाही. मग वेळ न घालवता सरकारी रुग्णालयात जायचे. हिपॅटायटिस ‘बी’, हिपॅटायटिस ‘सी’ आणि एचआयव्ही हे तीन आजार अशा सुईतून पसरू शकतात. कचऱ्यात पडून राहिलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता फार थोडी असते. तरीही गरज आहे की नाही ते डॉक्टरांनीच ठरवायचे, कारण प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत आणि होईल तितक्या लवकर सुरू कराव्या लागतात. हिपॅटायटिस ‘बी’वर लस आहे. मातीत आणि शेणात काम करणाऱ्याची धनुर्वाताची लस तर चालू असायलाच हवी. माझी किती वर्षांपूर्वीची होती, तेही मला आठवत नव्हते.

घरी आलो आणि आईचा डबा उघडला. तिच्या सुया फिकट निळ्या रंगाच्या. टोचलेली सुईही फिकट निळी. त्या दिवशी शेवटची बादली आमच्याच घरची होती.

"मले काय माहीत, येवढीशी सुई कोणाले लागंल म्हून," आई म्हणाली. तिचे काही चुकले नव्हते. सुई कुठे टाकायची, हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. चौदा घरी जाऊन मी ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ सांगत होतो आणि स्वतःच्या घरी सांगायचे राहिले होते.

सुई कुणाची ते कळले, डॉक्टरांनी तपासून धीर दिला, धनुर्वाताची लस घेतली आणि प्रकरण मिटले. पण घंटागाडीवरच्या कामगाराला सुई टोचली तर ती कोणत्या घरची, हे त्याला कधीच कळणार नाही. तो रोज किती बादल्यांत हात घालतो, याचा हिशेब आपण कधी केलेला नसतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले होते : ओला, सुका आणि घरगुती घातक. तिसरा भाग आपण विसरतो. सुया, ब्लेड, जुनी औषधे, बॅटरीचे सेल, फुटका थर्मामीटर हे सारे त्यात येते. सुया आणि ब्लेड जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात, झाकण घट्ट लावावे आणि वर ‘सुया’ असे ठळक लिहावे. बाटली भरली की दवाखान्यात विचारून तिथे द्यावी, नाहीतर घंटागाडीवर सांगून वेगळी द्यावी. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर खूण करून द्यावेत.

मी आता रबरी हातमोजे घालतो आणि बादली हाताने नाही, दाताळ्याने पसरतो.

बादलीत काय नको

मासळी, हाडे, मटण-कोंबडीचे उरलेले लहान ढिगात नको. वासावर कुत्री आणि रानडुकरे येतात. गावाच्या कडेला कुत्री वाढली की त्यांच्या मागावर बिबट येतो, हे जंगलालगतच्या माणसाला सांगायला नको. उघड्या अन्नावर उंदीर वाढतात आणि उंदरांमागे साप येतात. सर्पदंशाचा धोका आपल्या जिल्ह्यात आधीच मोठा आहे. म्हणून ढीग घरापासून दूर असावा, झाकलेला असावा आणि संध्याकाळी त्यात हात घालू नये. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर ढिगाजवळच्या चिखलात अनवाणी जाऊ नये.

लोणचे, तळणाचे तेल आणि खारट पदार्थ फार नकोत, कारण मीठ जमिनीत साठते. दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम आला की घरोघरी पाहुणे असतात आणि बादली दुप्पट भरते. तेव्हा पत्रावळीकडे लक्ष द्यावे. पळसाच्या पानांची पत्रावळ ढिगात विरून जाते. चंदेरी कागदी पत्रावळीवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. तो विरत नाही, तुकडे होऊन बांधीत राहतो.

जागाही पाहून निवडावी. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आपण पाहिला आहे. सखल भागातला खड्डा पावसात भरला की त्याचे काळे पाणी विहिरीकडे जाते. उंचवट्यावरचा ढीग खड्ड्यापेक्षा बरा.

चौदा घरांत किती पिकते?

इथे खोटी आशा दाखवू नये. घरटी अर्धा-पाऊण किलो धरला तर चौदा घरांचा रोज सुमारे आठ किलो, वर्षाला जवळपास तीन टन ओला कचरा होतो. त्यातले बहुतेक पाणीच. तणस मिळवून शेवटी हाती येते साधारण एक टन खत. त्यात एक टक्का नत्र धरले तर दहा किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत वीस किलोंच्या वर नत्र असते. म्हणजे वर्षभराच्या मेहनतीला अर्धी गोणी, आणि तेही हळूहळू मिळणारे. धानाला एकरी चार टन शेणखत सांगतात. चौदा घरांवर एकरभर धान होणार नाही.

पण याच एका टनात चार गुंठे वांगी, भेदरे आणि मिरची होते. युरियात नसलेला कर्ब त्यात असतो. त्याने जमीन भुसभुशीत होते आणि ओल धरते. पऱ्ह्यांच्या वाफ्यात थोडे घातले तरी रोपे उपटताना मुळे सहज सुटतात, हे मी दोन हंगाम पाहतो आहे.

विदर्भाला ही विद्या नवी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत करण्याची रीत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून देशभर गेली. विटांच्या तीन फूट उंच टाक्याला भोके ठेवायची, काडीकचरा, शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर द्यायचे आणि वरून शेणमातीने लिंपून घ्यायचे. उलथापालथ करावी लागत नाही. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. ज्याच्याकडे काडीकचरा जास्त आणि मनुष्यबळ कमी, त्याने ही रीत धरावी. रोज थोडा ओला कचरा येणाऱ्याला तणसाचा ढीग सोयीचा.

कोणतीही रीत घ्या, खत चांगले की वाईट हे स्वयंपाकघरात ठरते. आमच्या गल्लीत आता प्रत्येक घरी ओल्या बादलीशेजारी एक झाकणाची बाटली आहे. आमच्या घरच्या बाटलीवर ‘सुया’ हा शब्द आईने स्वतः लिहिला आहे. काकूंनी परवा बादली देताना सांगितले, "आज भात जास्त हाय, तणस जास्त टाका." गाय घेतली का, असे त्या आता विचारत नाहीत. वांगी कधी निघणार, असे विचारतात.