तिसरे चाक कुठे लावायचे?

बडनेरा मागे टाकून अकोल्याकडे निघाले की लोणीपासून पुढचा राष्ट्रीय महामार्ग ५३ आता चांगलाच गुळगुळीत आहे. जून २०२२ मध्ये याच टप्प्यावर १०५ तास ३३ मिनिटे अखंड काम चालवून एका पदरी ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अंथरला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला, तोही २५ किलोमीटरचा. त्या वेळी चर्चा झाली ती मजुरांच्या आणि यंत्रांच्या वेगाची. गुळगुळीत रस्ता पेट्रोल वाचवतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलले नाही. कमी पेट्रोलवर चालणारी तीनचाकी मोटार स्वतःच्या हाताने बांधू पाहणाऱ्याने सुरुवात तिथूनच करायला हवी.

आपल्याकडे सुरुवात होते ती इंजिनापासून. भंगारातून मोटरसायकलचे इंजिन आणायचे आणि त्याच्याभोवती सांगाडा वेल्ड करायचा, असा शिरस्ता आहे. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. गाडीला प्रत्यक्षात किती ताकद लागते ते आधी काढावे, इंजिन शेवटी निवडावे. गणित दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

समजा दोन माणसे धरून गाडीचे वजन ३५० किलो आहे. चांगल्या डांबरावर हवा नीट भरलेल्या टायरचा विरोध वजनाच्या साधारण १ टक्का असतो, म्हणजे इथे ३४ न्यूटन. हवेचा विरोध गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर, आकारावर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. अरुंद, बसकी आणि मागे निमुळती होत गेलेली गाडी असेल तर ताशी ६० किलोमीटरला तो ४८ न्यूटनच्या आसपास येतो. दोन्ही मिळून झाले ८२ न्यूटन. या वेगाने गाडी चालती ठेवायला चाकांपाशी १.४ किलोवॉट, म्हणजे दोन अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकद पुरते.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातला पाचवा हिस्साच इंजिन कामाला लावते, आणि चाकापर्यंत पोहोचताना त्यातलीही थोडी गळते. एवढे सगळे वजा करूनही ही गाडी लिटरला ६५ किलोमीटरच्या आसपास जाईल. अमरावती ते अकोला हे शंभरेक किलोमीटर अंतर दीड लिटरमध्ये झाले! नेहमीची छोटी मोटार त्याला पाच लिटर पिते. आता हीच गाडी ताशी ८० ने दामटली तर हवेचा विरोध ४८ वरून ८५ न्यूटनवर जातो आणि मायलेज ४५ वर उतरते. इंजिन तेच, रस्ताही तोच.

मोठे इंजिन लावून ते हळू चालवू, असे कोणी म्हणेल. ते सोयीचे नाही. पेट्रोल इंजिन आपल्या ताकदीच्या थोड्याच भागावर चालले की त्याची कार्यक्षमता घसरते. १०० ते १२५ सीसीचे इंजिन आठ-दहा अश्वशक्ती देते. ते चढाला आणि गाडी उठवायला भरपूर झाले.

आता तिसऱ्या चाकाकडे वळू. रिक्षात ते पुढे असते. त्यामुळे स्टिअरिंग सोपे होते, आणि प्रवासी मागच्या दोन चाकांच्या जवळ बसत असल्याने वजन रुंद बाजूला राहते. रिक्षा ताशी ३०-४० ने शहरात फिरायची असल्यामुळे ही मांडणी तिथे चालून जाते. महामार्गावर तिचा धोका दिसतो. तीन चाके जमिनीला टेकतात त्या तीन बिंदूंचा त्रिकोण काढा. गाडी उलटते ती त्याच्या तिरक्या बाजूवरून. वळणावर ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, आणि चाक पुढे एकच असेल तर तो नेमका त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातो. दोन चाके पुढे आणि एक मागे असेल तर तोच भार रुंद बाजूला जातो. नवी मुंबईच्या स्ट्रॉम मोटर्सने आपल्या आर-३ या विजेवरच्या तीनचाकीत पुढे दोन आणि मागे एक अशीच चाके ठेवली. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या ‘पॅक-कार २’नेही. २९ किलोच्या या हायड्रोजनवरच्या गाडीने २००५ मध्ये फ्रान्समध्ये एक लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेत ५,३८५ किलोमीटरचा विक्रम केला. ती स्पर्धेची गाडी, तिच्यात बसून कोणी अकोल्याला जाणार नाही. तीन चाकांवर काय साधता येते हे मात्र तिने दाखवले.

चाके पुढे दोन ठेवली म्हणजे भागले असेही नाही. पुढच्या दोन चाकांत १.३ मीटर अंतर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून लांबीच्या एक तृतीयांशावर, जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर आहे, असे धरा. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८७ पट आडवा जोर लागल्याशिवाय ही गाडी उलटणार नाही. कोरड्या डांबरावर साधा टायर ०.७ ते ०.८ पट जोराला घसरू लागतो. म्हणजे गाडी आधी घसरेल, उलटणार नाही, आणि हेच हवे आहे. आता बसायला ऐसपैस हवे म्हणून सीट वर उचलली आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर गेला, तर ०.८७ चे ०.६२ होतात. टायर घसरायच्या आतच गाडी कलंडेल. सांगाडा वेल्ड करण्याआधी हे आकडे कागदावर मांडले नाहीत तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

मागे एकच चाक असण्याचा आणखी फायदा म्हणजे डिफरन्शियलची गरज उरत नाही. मोटरसायकलसारखी चेन थेट मागच्या चाकाला देता येते, वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. अडचण येते ती रिव्हर्सची. मोटरसायकलला तो गिअर नसतो, आणि अडीचशे किलोची गाडी बाजारातल्या गल्लीत पायाने मागे ढकलता येत नाही. शिवाय मोटरसायकलचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. ते बॉडीच्या आत बंद केले की तापून जाम होईल. रिक्षाच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो आणि रिव्हर्सही, म्हणून जड असूनही ते विचारात घ्यावे लागते.

गरम होण्याचा विषय निघालाच आहे, आणि वऱ्हाडात खरी कसोटी तिथेच आहे. युरोपातल्या मायलेजवाल्या गाड्यांवर पारदर्शक घुमट असतो. तो तसाच उचलून आणला तर मे महिन्यात अकोल्यात आत माणूस बसू शकणार नाही. भर दुपारचे ऊन एका चौरस मीटरवर जवळजवळ एक किलोवॉट उष्णता ओतते. वर सव्वा-दीड चौरस मीटर काच असेल तर इंजिन चाकांना जेवढी ताकद देते, साधारण तेवढीच उष्णता आत शिरते. छोटा एसी बसवून त्याला ७०० वॉट दिले तर मायलेज ६५ वरून ४५ वर येईल. त्यापेक्षा छत अपारदर्शक आणि पांढरे ठेवावे, काच फक्त समोर आणि बाजूंना असावी. नाकापाशी हवेचा दाब सर्वांत जास्त असतो, तिथे हवा आत घेण्याचे छोटे तोंड ठेवावे. दाब कमी असतो त्या शेपटीकडे तिला वाट करून द्यावी. पंख्याशिवाय वारा खेळतो आणि हवेचा विरोधही फारसा वाढत नाही. ऊन एक उपकारही करते: ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते, तेवढा तिचा विरोध कमी.

पावसाळ्याचे काय? महामार्ग सोडून पांदणीत शिरले की काळ्या मातीत बैलगाडी-ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. चारचाकी चाकोरीतून जाते. तीनचाकीचे एकटे चाक मात्र त्या उंचवट्यावर चढते, आणि आपल्या गाडीत तेच एक चाक ओढणारे आहे. ओल्या काळ्या मातीत ते जागच्या जागी फिरत राहील. यावर स्वस्त उपाय मला दिसत नाही. ही गाडी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशा डांबरावरची आहे, शेतातली नाही, हे बांधण्याआधीच ठरवलेले बरे.

मोठ्या कारखान्याशिवाय मोटार बांधण्याची जिद्द महाराष्ट्राला नवी नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतः आखली, रबराचे सस्पेन्शन बसवले आणि पुढची अनेक वर्षे तिचे नवे नवे नमुने केले. तिचा कारखाना कधीच उभा राहिला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी केली, खर्च साठेक हजार. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नाही आणि अधिकारी ती थांबवतील, हेही त्यांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात लोहार यांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. नियम असा की कोणत्याही नव्या मोटारीचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकच गाडी बांधणाऱ्याला तो खर्च परवडणारा नाही. ब्रेक आणि दिवे तपासणारी, एकट्या गाडीसाठीची स्वस्त चाचणी असायला हवी, असे मला मनापासून वाटते. तोवर अशी गाडी खासगी आवारातच चालवावी लागेल.

आवारातही तिच्याकडून पुष्कळ शिकता येते. वारा पडलेला असताना सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी ६० च्या थोडी वर न्यावी, न्यूट्रल करावी आणि ६० वरून ५० वर यायला किती वेळ लागतो ते मोजावे. मग ३० वरून २० वर यायला लागणारा वेळ मोजावा. दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. आपल्या हिशेबातल्या गाडीला पहिल्यासाठी सुमारे १३ आणि दुसऱ्यासाठी सुमारे २३ सेकंद लागायला हवेत. दुसरा आकडा कमी आला तर दोष चाकांत आहे: हवा कमी, ब्रेक घासतोय किंवा पुढच्या चाकांचे अलाइनमेंट बिघडले आहे. दुसरा बरोबर आणि पहिला कमी आला तर चाकांना हात लावू नये, बॉडीच्या फटी आणि शेपटीचा उतार तपासावा.