जुन्या लेथची सफाई

बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्र व जिगणी भागांत, यंत्रकामाचे लहान कारखाने पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी म्हैसूर किर्लोस्करचा जुना लेथ सफाईसाठी उघडला, तर घाई महागात पडते. हरिहरला १९४१ साली स्थापन झालेली ती कंपनी आता बंद आहे. मोडलेला भाग सहज मिळत नाही.

प्रथम वीज तोडावी. चक उतरवताना खालच्या बेडवर लाकडी फळी ठेवावी. प्रत्येक भाग खूण करूनच सोडवावा. मग विस्तवापासून दूर, रॉकेल व ब्रशाने चिकट तेल आणि लोखंडी कीस काढावा. बेडवर मात्र पॉलिश कागद घासू नये. त्याचे कण सरकत्या भागांखाली अडकून धातू झिजवीत राहतात. शेवटी कोरडे पुसून लगेच तेल द्यावे.

काळवंडलेल्या बेडवर काम अचूक होऊ शकते; झिजलेला बेड कितीही चकाकला, तरी माप चुकतेच.