रात्री दोन वाजता विचारलेला प्रश्न

आजच्या भागात बोललो ते थोडं नीट करून इथे लिहून देतोय.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली. तिथल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश घेतलेली, 'येतो' म्हणून कळवलेली बरीच मुलं कॉलेज सुरू होताना उगवायचीच नाहीत. याला तिकडे 'समर मेल्ट' म्हणतात, उन्हाळ्यात वितळून जाणं! मार्क कमी पडले म्हणून नाही हं. आर्थिक मदतीचा फॉर्म अर्धा राहिला, लसीकरणाचा दाखला द्यायचा राहिला, अशा कारणांनी. घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नसेल, तर विचारायचं तरी कुणाला?

२०१६ च्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीने 'पाउन्स' नावाचा चॅटबॉट आणला. वेगळं अ‍ॅप वगैरे काही नाही, मोबाइलवर साधा मेसेज. ज्याचं जे काम राहिलंय, त्याची आठवण फक्त त्यालाच. मुलांनी उलट काहीही विचारावं, रात्री दोन वाजतासुद्धा. त्याला उत्तर जमलं नाही तर प्रश्न ऑफिसमधल्या माणसाकडे जायचा, आणि त्या माणसाचं उत्तर पुढच्या वेळेसाठी साठवलं जायचं. त्या एका उन्हाळ्यात दोन लाखांहून जास्त उत्तरं गेली. कुणाला पाउन्स मिळणार हे चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना करता आली. पाउन्सवाल्या मुलांमध्ये गळती साधारण २१ टक्क्यांनी कमी निघाली.

पुढे एका मोठ्या वर्गातही हाच प्रयोग झाला. विषय होता अमेरिकेची शासनव्यवस्था. क्विझ कधी, असाइनमेंट कधी, असे मेसेज अर्ध्या मुलांना. त्यांच्यात चांगले ग्रेड मिळवणारे जास्त निघाले, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्यांना फायदा अधिक झाला.

आता यात यंत्र फार हुशार होतं असं मला वाटत नाही. 'हे एवढंही माहीत नाही?' असं म्हणणारं समोर कुणी नव्हतं, खरी मेख तिथे आहे. वेळेवर मदत मागणं हेसुद्धा एक कौशल्यच, आणि पहिल्या वर्षाला तेच सगळ्यात जड जातं.

आपल्याकडे एफवायच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे मुलं असतात. 'एबीसी आयडी म्हणजे काय?' हे तिथे कोण विचारणार? शिक्षक मंडळी ऐकत असाल तर आधी एवढंच करा: एकट्याने विचारता येईल असा एक नंबर द्या, आणि उत्तर द्यायला माणूस नेमा. चॅटबॉटचं मग बघू.