चाळीचे खांब आणि पळणाऱ्या रेषा

गिरगावातल्या चाळीचं चित्र काढायचं तर पर्स्पेक्टिव्हला बगल देऊन भागत नाही. लांबलचक गॅलरी, ओळीने लाकडी खांब, कठड्याचे गज, मजल्यावर मजले. सगळ्या रेषा कुठेतरी पळत असतात. सध्या मी हे क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शिकतो आहे. ते फुकट आहे आणि त्यात ‘असिस्टंट’ नावाचं टूल आहे. ‘व्हॅनिशिंग पॉइंट’, म्हणजे पळत्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, निवडून टिचकी मारली की तो बसतो; ब्रशच्या पर्यायांत ‘स्नॅप टू असिस्टंट्स’ सुरू केलं की पेनाची रेघ निमूट त्या बिंदूच्या वाटेने जाते. हात थरथरला तरी बिघडत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा ज्यांनी पट्टी-पेन्सिलीवर दिल्या, त्यांना ही चैनच वाटेल.

बिंदू कुठे ठेवायचा, ते मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. आधी डोळ्याची पातळी. आपण समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर उभे आहोत असं धरलं, तर पलीकडच्या पहिल्या मजल्यावर उभ्या सगळ्यांची डोकी साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो तो खालून. पाय वर सरकतात, डोकं जागेवर राहतं. खाली चौकात क्रिकेट खेळणारी पोरं अख्खी त्या रेषेखाली. एवढं जमलं की चित्रात माणसं तरंगत नाहीत.

चाळ कोपऱ्यावरून दिसत असेल तर दोन बाजूंना दोन बिंदू लागतात. मग त्या दोन बिंदूंमधलं अंतर. दोन्ही बिंदू कॅनव्हासच्या आतच बसवले, तर चाळीचा कोपरा सुरीसारखा अंगावर येतो आणि कडेच्या खोल्या ताणल्या जातात. कॅनव्हासच्या रुंदीच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवलं की इमारत शांत उभी राहते. कागदावर यासाठी टेबलाच्या टोकाला टाचणी टोचून दोरा ताणावा लागे. इथे झूम आउट करून बिंदू कॅनव्हासबाहेर ठेवता येतो.

खरी गंमत खांबांची. स्नॅप रेषेला दिशा देतं. पुढचा खांब किती अंतरावर, हे सांगत नाही. अंदाजाने, दर वेळी ठरावीक प्रमाणात अंतर कमी करत नेलं तर फसगत होते. लेओन बात्तिस्ता अल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवरच्या ग्रंथात याच सवयीबद्दल चित्रकारांना झापलं होतं, आणि फरशा बरोबर पडल्या की नाही हे कर्ण ओढून तपासायला सांगितलं होतं. तो कर्ण आजही चालतो. पहिले दोन खांब काढायचे. पहिल्याच्या मध्यातून व्हॅनिशिंग पॉइंटकडे रेघ न्यायची. दुसऱ्या खांबाला ती जिथे छेदते तो त्याचा मध्य. आता पहिल्याच्या माथ्यापासून त्या मध्यातून तिरकी रेघ खाली ओढायची. ती जमिनीच्या रेषेला टेकते, तिथे तिसऱ्या खांबाचा पाय. याच रीतीने चौथा, पाचवा. या तिरक्या रेघांपुरतं स्नॅप बंद, नाहीतर पेन हट्टाने बिंदूकडेच धावतं.

खरी चाळ इतकी शिस्तीची नसतेच. जुन्या लाकडी गॅलरीला पोक आलेलं असतं, एखादा खांब कललेला असतो. सगळंच स्नॅपवर काढलं की ती बिल्डरच्या जाहिरातीतली इमारत वाटू लागते, म्हणून ही रचना मी खालच्या लेयरवर फिकी करून ठेवतो आणि वरची रेघ मोकळ्या हाताने काढतो. वाळत घातलेल्या साड्यांच्या दोऱ्या तर सगळ्यात शेवटी, असिस्टंट लपवून. त्यांचा झोळ कुठल्याच बिंदूचं ऐकत नाही.