भिलाईची शाळा आणि घरची भाषा
भिलाईच्या माध्यमिक शिक्षणाचा विचार पोलाद कारखान्यापासून अलग करता येत नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून तो उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वसाहतीतील शाळाही कारखान्यानेच काढल्या. त्यांच्या एकाच बाकावर तेलुगू, बंगाली, मल्याळी, मराठी आणि छत्तीसगढी घरांतील मुले बसत आली. सेक्टर १० मधील शाळेचा लौकिक मुख्यतः अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांतील यशावर उभा आहे, आणि तो खोटा नव्हे. परंतु तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास निराळाच प्रश्न पडतो : यांपैकी किती मुलांना घरची भाषा वाचता येते?

१९६८ च्या शिक्षणधोरणातील त्रिभाषासूत्राने हिंदीभाषक राज्यांना शक्यतो एखादी दाक्षिणात्य भाषा सुचविली होती. प्रत्यक्षात ती जागा बहुधा संस्कृतने घेतली. (संस्कृतशी आमचे वैर नाही.) १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर असून मराठीही तेथे राजभाषा होती, त्या नात्याची खूण शाळेत उरली नाही. छत्तीसगढीची स्थिती अधिक विचित्र. २००७ साली तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी माध्यम हिंदी वा इंग्रजीच राहिले. मराठी मूल निदान परप्रांतात आले होते. छत्तीसगढी मूल तर आपल्याच गावच्या शाळेत परभाषक ठरले.