पहिली प्रीती आणि पहिली कृत्ये

मागच्या व्याख्यानात आपण श्रद्धा आणि ज्ञान यांचा संबंध पाहिला. आज श्रद्धा आणि निष्ठा यांच्याकडे वळू. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘पिस्तिस’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ विश्वास असाही होतो आणि विश्वासूपणा असाही. मराठीत मात्र आपण हे दोन वेगळे करतो. ‘माझा देवावर विश्वास आहे’ असं म्हटलं की आपल्याला वाटतं, झालं! पण मी देवाशी विश्वासू आहे का, हा प्रश्न उरतोच.

प्रकटीकरणाच्या 2ऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला आलेला निरोप याच प्रश्नाविषयी आहे. ही मंडळी काही बिघडलेली नव्हती. श्रम करणारी, धीर धरणारी, खोट्या प्रेषितांना पारखून दूर ठेवणारी अशी तिची स्तुती आधी केलेली आहे. दोष एकच दाखवला आहे, तिने आपली पहिली प्रीती सोडली. म्हणजे सिद्धांत शाबूत, काम चालू, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तोच बाजूला पडलेला.

ख्रिस्तपूर्व 8व्या शतकातल्या होशेय संदेष्ट्याच्या काळीही असंच होतं. इस्राएल लोकांचे सण आणि यज्ञ बंद पडले नव्हते. पण धान्य, द्राक्षारस आणि तेल परमेश्वर देतो हे विसरून ते श्रेय बआलाला देऊ लागले होते. होशेयाने याला व्यभिचार म्हटलं. शब्द कठोर आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: देवाशी आपलं नातं कराराचं आहे, नुसत्या मताचं नाही. मत बदलतं. करार मोडतो, आणि मोडला की दुसऱ्या पक्षाला वेदना होतात.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की जवळपास आठ वर्षांनी त्यांना कळून आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. त्या वेळी शारदा सदनाचं काम तर जोरात होतं! पण काम चांगलं आहे म्हणून त्या थांबल्या नाहीत, आणि शोध चालू आहे म्हणून काम सोडलं नाही. पुढची केडगावची मुक्ती मिशन, 1905 चं तिथलं संजीवन आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत चाललेलं बायबलचं भाषांतर, हे सगळं त्या प्रामाणिक कबुलीनंतरचं आहे.

मग थंडावलेल्या विश्वासाचं काय करायचं? इफिसला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये कर. यात ‘पहिल्या भावना परत आण’ असं कुठेही नाही, हे ध्यानात घेऊ. भावना हुकमाने येत नाहीत. कृती आपल्या हाती असते.

इथे कोणी विचारेल, मन कोरडं असताना गुडघे टेकणं हा ढोंगीपणा नाही का? आपण असं पाहू. ढोंगी माणूस दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी करतो. आजारी पत्नीच्या उशाशी रात्रभर बसणारा नवरा पेंगत असेल, वैतागलेलाही असेल. त्याला आपण ढोंगी म्हणत नाही. दिलेल्या शब्दाला तो जागतो आहे. प्रभू येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यात, ‘जात नाही’ म्हणूनही नंतर द्राक्षमळ्यात गेलेला मुलगाच बापाच्या इच्छेप्रमाणे वागला. मनापासून ‘जातो’ म्हटलं होतं की नाही, हा प्रश्नच तिथे नाही.

तेव्हा सुरुवात लहानच करावी. बंद पडलेलं शास्त्रवाचन रोज एका परिच्छेदाने सुरू करू. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे प्रभुभोजनाआधी जाऊन येऊ. आणि प्रार्थनेत शब्द सुचत नसतील, तर ‘प्रभू, मी दूर गेलो आहे’ एवढंच सांगू. ही कबुलीसुद्धा त्याच्याकडेच तोंड करून दिलेली असते. परतीची वाट तिथूनच सुरू होते.

पुढच्या वेळी स्मुर्णाच्या मंडळीकडे जाऊ.