27 क्रेडिट जमा, 33 बाकी

पहाटे 4:50
जॅक्सन हाइट्स, क्वीन्स, न्यूयॉर्क. 2025च्या शरद सत्रातला एक दिवस. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, पाच माणसं. वडील रात्रभर टॅक्सी चालवून नुकतेच आलेत. दाराशी ते बूट काढतायत आणि मुलगा बूट चढवतोय. कुटुंब मूळचं बांगलादेशातल्या सिल्हेटचं. मुलगा 20 वर्षांचा. सकाळी गार्डची ड्युटी, दुपारी लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेज. विषय क्रिमिनल जस्टिस, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांचा कारभार. आई डबा भरते. भात, डाळ, तळलेल्या माशाची तुकडी. तो खिसे चाचपतो. पेन, छोटी वही, गार्डचं लायसन्स. लायसन्सशिवाय ड्युटीवर उभं राहता येत नाही.

मी दिवसभर त्याच्याबरोबर राहणार आहे. तो मला आंटी म्हणतो. आमचं बोलणं हिंदीत चालतं.

सकाळी 6:00
चोवीस तास उघडं असणारं औषधांचं दुकान. टूथपेस्ट, साबण, दाढीची पाती, सगळं प्लॅस्टिकच्या झडपांआड कुलपात. तो दाराशी उभा राहतो. काळी पँट, काळे बूट, छातीवर बिल्ला. बसायला स्टूल नाही. पगार तासाला 17 डॉलर. 2025मध्ये शहरात किमान वेतन साडेसोळा होतं. लायसन्ससाठी त्याने आधी 8 तासांचं प्रशिक्षण घेतलं, बोटांचे ठसे दिले, राज्याची 36 डॉलर फी भरली. कामावर लागल्यावर आणखी 16 तासांचं प्रशिक्षण.

सकाळी 8:20
एक बाई कपडे धुण्याच्या पावडरीचे दोन मोठे डबे उचलते आणि पैसे न देता बाहेर पडते. तो तिला अडवत नाही. कंपनीचा नियमच तसा आहे: बघायचं, लिहायचं, मॅनेजरला सांगायचं. तो वहीत वेळ लिहितो, कोटाचा रंग लिहितो, ती कोणत्या दिशेला गेली ते लिहितो.

‘‘हजार डॉलरच्या आतला माल,’’ तो हळूच म्हणतो, ‘‘म्हणजे किरकोळ चोरी. जास्तीत जास्त शिक्षा 364 दिवस. धक्काबुक्की झाली असती तर जबरी चोरी. मग कलमच बदलतं.’’ हे त्याला ड्युटीने शिकवलेलं नाही. ते कॉलेजात कळलं.

दुपारी 12:00
सहा तास संपतात. 102 डॉलर, त्यातून कर जायचा. पायांना रग लागलेली. मागच्या खोलीत तो शर्ट बदलतो, पाच मिनिटांत डबा संपवतो आणि 7 नंबरच्या गाडीकडे धावतो. 2025मध्ये तिकीट 2 डॉलर 90 सेंट होतं. सात दिवसांत 34 डॉलर झाले की पुढचे प्रवास तेव्हा फुकट होते. दर आठवड्याला तो तिथपर्यंत पोचायचाच.

दुपारी 1:15
33व्या रस्त्याच्या स्टेशनजवळ कॉलेज. 1971 साली सुरू झालं. इथल्या एका इमारतीत पूर्वी सनशाइन बिस्किटांचा कारखाना होता. आता तिथे वर्ग भरतात. कुणी हॉटेलात भांडी घासून आलंय, कुणी मुलाला पाळणाघरात ठेवून.

शिकवणाऱ्या बाई आधी गरीब आरोपींच्या वकील होत्या. आज विषय क्लॅरेन्स गिडियन. 1961 साल, फ्लोरिडा. बिलियर्डच्या अड्ड्यात शिरून चोरी केल्याचा आरोप. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. त्याने वकील मागितला, कोर्टाने नाकारला. पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि सुप्रीम कोर्टात पाठवला. 1963मध्ये निकाल लागला: गंभीर गुन्ह्याचा आरोपी गरीब असेल तर त्याला सरकारने वकील दिलाच पाहिजे. खटला पुन्हा चालला. या वेळी शेजारी वकील होता. गिडियन निर्दोष सुटला.

बाई विचारतात, ‘‘दोन्ही खटल्यांत माणूस तोच. मग बदललं काय?’’ वर्ग गप्प. आमचा मुलगा वहीत एकच शब्द लिहितो: वकील.

दुपारी 3:00
लायब्ररी. पुस्तकं महाग आहेत. म्हणून नोंदणी करताना तो शून्य खर्चाची खूण असलेले कोर्स आधी शोधतो. त्यांचं वाचन ऑनलाइन फुकट मिळतं. एका विषयाला मात्र जाड पुस्तक लागतं. ते काउंटरवर दोन तासांसाठी मिळतं, बाहेर नेता येत नाही. तो पानांचे फोटो काढतो.

मग मला हिशेब दाखवतो. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं एकक. एक क्रेडिट 210 डॉलर. एका सत्रात 6 क्रेडिट घेतो, म्हणजे 1260 डॉलर. थोडी सरकारी मदत मिळते, बाकीचे ड्युटीच्या पैशातून. पदवीला 60 क्रेडिट लागतात. त्याचे 27 झालेत.

फेब्रुवारी 2025पर्यंत न्यूयॉर्क पोलिसांत जायलाही 60 क्रेडिटच लागायचे. भरतीला माणसं कमी पडू लागली तशी अट 24वर आली. त्याच वेळी दीड मैल 14 मिनिटं 21 सेकंदांत धावण्याची चाचणी परत आणली. पुढच्या वर्षी तो 21चा होईल आणि नेमणुकीच्या वयात बसेल. धावण्याची त्याला भीती नाही. सुरुवातीचा पगार वर्षाला 60 हजार डॉलरच्या आसपास.

‘‘मग साठ होईपर्यंत थांबायचं कशाला?’’ मी विचारते.

‘‘आब्बूही हेच विचारतात,’’ तो म्हणतो. ‘‘संध्याकाळी चला, दाखवतो.’’

संध्याकाळी 6:10
मॅनहॅटन, 100 सेंटर स्ट्रीट. फौजदारी कोर्टाची उंच, करडी इमारत. इथे रात्री एक वाजेपर्यंत कोर्ट चालतं. अटक झालेल्या माणसाला 24 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करायचं, हा इथला दंडक. आपल्या घटनेच्या 22व्या अनुच्छेदातही हीच मुदत आहे. कोर्टात कुणालाही बसता येतं. दाराशी तपासणी होते. फोन बंद करायचा.

बाईंनी काम दिलंय: दोन तास बसा, चार रकाने भरा. वेळ, आरोप, आरोपीच्या बाजूने कोण बोललं, काय ठरलं. तो लाकडी बाकावर बसतो. मांडीवर वही. सकाळचीच.

संध्याकाळी 7:05
बाजूच्या दारातून एका माणसाला आणतात. आरोप किरकोळ चोरी. औषधांच्या दुकानातून कपडे धुण्याची पावडर. मुलगा मान वर करून बघतो. दुकान दुसरं, माणूस दुसरा. सरकारी वकील दोन वाक्यं वाचतात. आरोपीची वकील त्याला काही मिनिटांपूर्वीच भेटली आहे. ती सांगते: याला काम आहे, दोन मुलं आहेत, आधी एकही तारीख चुकवलेली नाही. दुभाषी ते स्पॅनिशमध्ये त्याच्या कानात सांगतो. 2020पासून असल्या बहुतेक आरोपांत इथे पैशाचा जामीन मागता येत नाही. न्यायाधीश पुढची तारीख देतात. माणूस मागे बसलेल्या बायकोकडे जातो. सगळं चार मिनिटांत आटोपतं.

मुलगा रकाने भरतो. मग पान उलटून सकाळची 8:20ची नोंद वाचतो.

‘‘दुकानात मी कोटाचा रंग लिहितो,’’ तो बाहेर आल्यावर म्हणतो. ‘‘इथे कळतं, माझ्या त्या चार ओळी पुढे कुणासमोर वाचल्या जातात. उद्या पोलीस झालो तर कागद मीच लिहिणार. तो कसा वापरतात ते आधी बघितलेलं बरं.’’

रात्री 9:20
परतीची गाडी. तो उभ्यानेच डुलक्या काढतो. घरी वडील निघायच्या तयारीत. दोघं पाच मिनिटं एकत्र जेवतात.

‘‘कधी भरती?’’ वडील विचारतात.

‘‘साठ झाल्यावर, आब्बू.’’

वडील काही बोलत नाहीत. किल्ली उचलतात.

रात्री 10:15
स्वयंपाकघरातलं टेबल. कोर्टातल्या नोंदींचा अहवाल बाईंना 11:59च्या आत पाठवायचा. 11:40ला जातो. गजर 4:50चा.

उरलेल्या 33 क्रेडिटांचे होतात 6930 डॉलर. त्याच्या दुकानातल्या ड्युटीचे चारशेहून जास्त तास. भरतीला आता ते लागत नाहीत. तरी मला त्याचा हिशेब पटला. दुसऱ्याच्या हातात बेड्या घालायचा अधिकार ज्याला मिळणार, त्याने आधी कोर्टातल्या त्या बाकावर बसून पुढचं सगळं पाहिलेलं असावं. न्यूयॉर्कमध्ये असावं, आणि आपल्याकडेही असावं.